वह्या जुळेपर्यंत

गेले दिवे. जाऊ देत. रविवारी सिडकोतले सहाला जातात ते साडेआठशिवाय येत नाहीत, आता सवय झालीय. कंदील हाताशीच असतो माझा, काच सकाळीच पुसून ठेवते. तू बस, तृप्ती. घोटीची शेवटची गाडी साडेनऊला आहे आणि आईला सांगून आलीयस म्हणालीस, तेव्हा घाई नाही.

वही मिळाली ना? हिरव्या पुठ्ठ्याची? तीच माझी. निळी धनराजची, ती राहू दे कपाटात. खरं तर मीच उठून आणायला हवी होती. पण गुडघे ऐकत नाहीत, आणि म्हटलं कपाट दारापासून चार पावलांवर, पोरगी जाईल आणि येईल. गेलीस आणि आलीस, दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील. आल्यापासून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलीयस, एवढंच.

ती टकटक होय? ती ऐकू येते रविवारी. दुर्लक्ष कर. चहा घे. पुदिना घातलाय, कुंडीतला, आत्ताच खुडलाय. एस.वाय.ला असताना माझ्याकडे शंका विचारायला यायचीस तेव्हापासून तुला पुदिन्याचा चहा लागतो, विसरले नाही मी.

"मॅडम, ह्यात पुदिना नाहीये."

"नाही कसा? तुझ्यासमोर घातला."

"मला बाळंतशोपांचा वास येतोय... नुसत्या बाळंतशोपांचा."

कप खाली ठेव. राहू दे, नको पिऊस.

नाही, रागावले नाही. तू पुण्याला पीएच.डी. करतेस, तुझा विषय आमचाच निघाला, आणि ह्या वहीतलं शेवटचं पान तुला हवंय. ते द्यायचं की नाही हे ठरवायला मी तुला बोलावलं होतं. ते आता मागे पडलं. आधी तुला सगळं सांगितलं पाहिजे, कारण सांगून झाल्यावर मी तुला एक गोष्ट करायला लावणार आहे, आणि ती तू माझ्यावर विश्वास ठेवून करायला हवीस. बरंचसं तुला माहीत असेल. तरी मी पहिल्यापासून सांगते. शेवटच्या बाकावरच्याला कळेल असं सांगायची माझी सवय आहे, ती काही आता जायची नाही.

पेरूच्या सालीवरून मुंगीला ह्या टोकाकडून त्या टोकाकडे जायचं तर अख्खा वळसा. अळी मात्र आरपार भोक पाडते आणि लगेच पोचते. अवकाशातही असं भोक असू शकतं असं गणित सांगतं. कृमिविवर. त्याची सगळ्यात अरुंद जागा म्हणजे घसा. पंचाईत अशी, की तो घसा उघडा ठेवायला टेकू लागतो, आणि तसला टेकू जगात कोणी पाहिलेला नाही. पण लांबी, रुंदी, उंची आणि काळ ह्या नेहमीच्या चार दिशा सोडून आणखी एक, पाचवी दिशा धरली, की गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणात एक जास्तीचं पद येतं आणि ते पदच टेकू देतं. आता प्रश्न उरला, तो टिकतो का? वाटीत गोटी टाकली तर बोट लावलं तरी ती तळाशी येऊन थांबते. ते स्थिर. वाटी उपडी करून माथ्यावर गोटी ठेवली तर फुंकर मारली की गेली. ते अस्थिर. अस्थिर घशाला धक्का लागला तर तो मिटतो, नाहीतर पसरत जातो. सत्तर पानांचं गणित करून शेवटी हातात एक चिन्ह येतं. अधिक आलं तर स्थिर. वजा आलं तर अस्थिर.

हे वेड माझ्या नवऱ्याचं, धनराजचं. तो ओझरच्या फॅक्टरीत तपासनीस होता, विमानाचे सुटे भाग मोजायचा. एम.एस्सी. झाला होता, पण बाप लवकर गेला आणि पुढचं शिक्षण राहिलं. मी कॉलेजात गणित शिकवायचे. रविवारी दुपारी दोनला आम्ही ह्याच खोलीत सतरंजी टाकायचो, तो त्या टोकाला, मी ह्या टोकाला. एकच गणित, दोन वह्या, एकमेकांचं न बघता. एकाने मोजलेलं दुसऱ्याने न बघता मोजायचं आणि दोन्ही आकडे जुळले तरच माल पुढे सोडायचा, ही त्याची कामाची पद्धत. ती त्याने घरात आणली. दोन्ही वह्या जुळेपर्यंत सतरंजीवरून उठायचं नाही. चहासुद्धा नाही. पान उलटण्याआधी तो पेन्सिल तीनदा फरशीवर आपटायचा. टक, टक, टक. मला त्याचा राग यायचा, तेव्हा.

आणखी एक खोड होती त्याची. अधूनमधून तो वहीत मुद्दाम एक चूक पेरून ठेवायचा. समोरचा खरंच मोजतोय की बघून लिहितोय, हे ओळखायची ती तपासनिसांची युक्ती. "आशा, एक दिवस तरी फसशील," म्हणायचा. मी म्हणायचे, "मी कॉप्या पकडणारी बाई आहे, करणारी नाही." दहा वर्षांत एकदाही फसले नाही. ह्याचा मला फार गर्व होता.

सासूबाई आमच्याकडेच असायच्या. भागीबाई. सटाण्याकडच्या, अहिराणी बोलायच्या, मला पहिली दोन वर्षं निम्मं कळायचं नाही. मी नवऱ्याला नावाने हाक मारते म्हणून सुरुवातीला नाक मुरडायच्या, नंतर त्यांनी ते सोडून दिलं. तू आत्ता गेलीस ती आतली खोली त्यांच्या धान्याची. खिडकी नाही, वर वीतभर झरोका, बाजरीच्या कोठ्या आणि ते लोखंडी कपाट. आमच्या वह्या त्याच कपाटात असायच्या.

सत्त्याण्णवचा फेब्रुवारी. रविवारच. चारच्या सुमारास धनराज उठला. चौसष्टावं पान अडलं होतं, त्याला मागची वही बघायची होती. आत जाता जाता म्हणाला, "चहा ठेव. पाच मिनिटांत आलो." मी म्हटलं, जुळल्याशिवाय चहा नाही, नियम तुझाच. तो हसला. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. मग टक, टक, टक. मग काही नाही.

मी पंधरा मिनिटांनी गेले. सासूबाई त्या खोलीच्या उंबऱ्यात बसून बाजरी पाखडत होत्या, दुपारपासून हलल्या नव्हत्या. आत कोणी नव्हतं. कपाट उघडं, निळी वही जमिनीवर पालथी, आणि कडुलिंबाच्या पाल्याच्या वासात एक वेगळा वास होता. ओल्या फडक्याने पाटी पुसल्यावर येतो ना, तसा.

पोलीस झाले, पेपरात फोटो झाला. उंबऱ्यात बसलेल्या म्हातारीवर कोण विश्वास ठेवणार? डोळा लागला असेल, म्हणाले. दुसरं घर असेल त्याचं, असंही म्हणाले, माझ्या तोंडावर म्हणाले. सासूबाई मात्र एकच सांगायच्या, तो घरातच आहे. "तो घरमाच शे." मी कुंकू पुसलं नाही आणि वहीला सहा वर्षं हात लावला नाही.

मग दोन हजार तीनचा जून. का कुणास ठाऊक, एका दुपारी मी हिरवी वही काढली आणि अडलेलं चौसष्टावं पान पुरं केलं. पासष्टावं केलं. रविवारी हात आपोआप निळ्या वहीकडे गेला, जुळवायला. स्वतःवरच हसू आलं. उघडली.

चौसष्टावं पान पुरं होतं. पासष्टावंही होतं. त्याचंच अक्षर, सातच्या आकड्याला मध्ये आडवी रेघ. आणि शाई ओली, तृप्ती. माझ्या अंगठ्याला लागली.

मी भाबडी नाही. कपाटाला कुलूप घातलं, किल्ली गळ्यात बांधली. पुढच्या रविवारी सहासष्टावं पान होतं. कुलूप जसंच्या तसं. तेव्हा मी डोकं लावलं. जमिनीवर रांगोळीचा गोल काढ आणि आत मुंगी ठेव. मुंगीच्या लेखी ती कोंडली गेली. पण तू वरून बोट घालतेस, तुला ती रेघ आडवी येत नाही, कारण तू तिला माहीत नसलेल्या दिशेने येतेस. पाचव्या दिशेने आपली सगळी कुलपं उघडीच असतात. तो तिथे होता. आमच्या कपाटात, पण त्या दिशेने पलीकडे. घसा कसा उघडला, का उघडला, हे मला आजही माहीत नाही. दहा वर्षं विचार करतेय.

सुखाचे दिवस होते ते. हस, पण होते. आठवडाभर मी माझं पान करायचे, रविवारी त्याचं बघायचे, जुळलं की लाल पेनाने बरोबरची खूण. चारच्या सुमाराला आतून टकटक यायची. मी इथे बसून ऐकायचे. सासूबाई शेजारी, त्या मला काही विचारायच्या नाहीत.

आता मी तुला जे सांगणार आहे ते कोणालाच सांगितलेलं नाही. ऑगस्टात एकाहत्तरावं पान आलं. शेवटचं. एक ओळ राहिली होती आणि मला उत्तर दिसायला लागलं होतं. वजा येत होतं. वजा म्हणजे घसा अस्थिर, आज ना उद्या मिटणार, आणि तो पलीकडे राहणार. तीन आठवडे पेन उचलवेना. एका गुरुवारी, रविवारसुद्धा नाही, मी निळी वही उघडली आणि त्याचं उत्तर बघितलं. तिथे अधिक होतं. स्थिर. मी तेच माझ्या वहीत उतरवलं आणि लाल खूण केली. सत्तावीस वर्षं पोरांच्या बाह्या उलट्या करून चिठ्ठ्या काढल्या, आणि म्हातारपणी मीच कॉपी केली.

त्या रविवारी टकटक आली नाही.

सप्टेंबरात पितृपक्ष लागला. सावळीराम, धनराजचा चुलतभाऊ, सटाण्याहून आला. सहा वर्षं झाली वहिनी, म्हणाला, रामकुंडावर जाऊन त्याचं करून टाकू, जिवाला शांतता मिळेल. वाईट नव्हता तो. पण सासूबाई ताडकन उठल्या. "जित्ता मानूसना पित्तर घालतस का रे?" एवढंच बोलल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. सावळीराम पाणीसुद्धा न पिता निघून गेला. मी त्याला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले. परत आले तर घरात सासूबाई नव्हत्या. ताट वाढून नेलेलं दिसत होतं, भाकरी, ठेचा, कांदा. आतल्या खोलीचं दार उघडं, कपाट उघडं, आणि पाटी पुसल्याचा वास.

मी उंबऱ्यात बसून राहिले. आत जायचं धाडस झालं नाही, हेही सांगून टाकते. साडेपाचला त्या कपाटाच्या बाजूने चालत आल्या. हातात ताट, भाकरी अजून गरम. तोंडावर असं हसू की मी सहा वर्षांत पाहिलं नव्हतं.

"भेटना?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"भेटना. तोच शर्ट शे अंगवर. जेवना नई. म्हने, आई, चहा ठेव, पाच मिनिटमा उठस."

त्याच्या लेखी अजून तोच रविवार होता, कळतंय तुला? तीच दुपार, तीच सतरंजी. पाच मिनिटंसुद्धा संपली नव्हती. मी विचारलं, मग उठत का नाही? सासूबाई हसायला लागल्या. "म्हने, आशा फसनी. मनं देखीसन लिखं तिनी. परत कर म्हने, न देखता. जुळनं का उठस."

माझं बघून लिहिलंस, आता न बघता परत कर, जुळलं की उठतो, असा निरोप. अधिकचं चिन्ह ही त्याने पेरलेली चूक होती. दहा वर्षं न फसलेली मी फसले, तेही अशा वेळी. आणि नियम म्हणजे नियम, खरोखर जुळेपर्यंत तो सतरंजीवरून उठणार नव्हता. मी त्याच रात्री पान खोडलं आणि मनाशी गणित पुरं केलं. वजाच. मग मात्र मी ती ओळ कागदावर लिहिली नाही. लिहिली की तो उठेल. उठून निघाला की धक्का बसेल, आणि अस्थिर घसा धक्क्याने मिटला तर? न लिहिली तर तो तिथेच बसून राहील, पण राहील तरी. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे मला काय कळत नव्हतं? पण मी झाकून ठेवलं. त्याची टकटक पुढच्या रविवारपासून परत सुरू झाली, आता दिवेलागणीनंतरही चालते.

सासूबाईंचं पुढे ऐक, ते तुझ्यासाठी आहे.

रात्री जेवायला बसल्या तर डाव्या हाताने घास घेतला. मी म्हटलं, आई, हे काय? त्या हाताकडे बघून गोंधळल्या. मला दिसलं ते वेगळंच. लहानपणी गोंदलेलं भावाचं नाव त्यांच्या डाव्या मनगटावर होतं, बहिरू. आता ते उजव्या मनगटावर होतं. आणि अक्षरं आरशात दिसतात तशी, उलटी.

लक्ष्मीची पावलं कापतो ना आपण कागदाची? डावं पाऊल जमिनीवर कितीही सरकव, उजवं होत नाही. पण उचलून पालथं केलंस की झालं उजवं. त्याला जमिनीबाहेरची दिशा मिळाली म्हणून झालं. सासूबाईंना तशीच एक दिशा मिळाली होती. उलटून आल्या होत्या. दवाखान्यात डॉक्टरांनी नळी डावीकडे लावली, मग कपाळाला आठ्या घालून उजवीकडे. "हृदय उजवीकडे आहे. जन्मापासूनच असतं असं, लाखात एखाद्याचं." माझ्याकडे चौऱ्याण्णवचा एक्स-रे होता. मी तो पिशवीतून काढला नाही.

हे सगळं चाललं असतं. हातच उलटा झाला तर काय बिघडतं? पण दुसऱ्या दिवशी पुदिन्याची चटणी वाढली, तर त्यांनी ताट सरकवलं. म्हणाल्या, हिच्यात बाळंतशोपा कशाला घातल्या?

रडू नकोस. ऐकून घे आधी.

त्या रोज जेवायच्या. दोन भाकऱ्या, वरण, दूध. आणि रोज वाळत चालल्या. डॉक्टर थकले. आमच्या कॉलेजात केमिस्ट्रीला उज्वला मॅडम होत्या, त्यांना मी आडून आडून विचारलं. त्या म्हणाल्या, अन्नाचे कणसुद्धा डावे-उजवे असतात, हातमोज्यासारखे. पुदिन्याचा वास आणि बाळंतशोपांचा वास एकाच कणाचे, एक डावा, एक उजवा. सगळं शरीर उलटं असेल तर आपलं अन्न त्याला लागणार नाही. पोट भरेल, अंगी लागणार नाही. हे मला डिसेंबरात कळलं. त्याच दिवशी हेही कळलं, की पुन्हा एकदा आत जाऊन बाहेर आल्या की त्या सरळ होतील, उलटलेलं पाऊल पुन्हा पालथं केल्यासारखं.

आणि मी त्यांना जाऊ दिलं नाही.

"माले तठे जाऊ दे," त्या म्हणायच्या. तीनदा म्हणाल्या. मी आतल्या खोलीला कुलूप घातलं. त्यांच्या पहिल्या जाण्यायेण्याने काय झालं होतं ते मी बघितलं होतं. घसा जिथवर असतो तिथवर हाताला गार लागतं. आधी तो गारवा फक्त कपाटाच्या एका कप्प्यात असायचा, आता कपाटभर झाला होता. आणखी एक धक्का, आणि कदाचित सगळं मिटेल, तो कायमचा जाईल, असं मला वाटत होतं. म्हणून मी माझ्या नवऱ्याच्या आईला भरल्या ताटावर उपाशी मारलं. जानेवारीत गेल्या, दोन भाकऱ्या खाऊन गेल्या. लोक म्हणाले, सुनेने किती केलं. मी मान हलवली.

तेव्हापासून दर दिवाळीला मी आत खडूने रेघ मारते, गारवा कुठपर्यंत आलाय तिथे. मिटत नाहीये ते, पसरतंय. गेल्या दिवाळीला कपाटाच्या पायाशी होतं. आज मार्च. चार महिन्यांत फारसं सरकलं नसेल, असं धरून मी तुला कपाटाजवळ पाठवलं. हात लांब करून वही घेईल, आत पाऊल पडणार नाही, असं मनाला समजावलं. बघितलं नाही. न बघता लिहायचं तिथे बघितलं आणि बघायचं तिथे बघितलं नाही.

कंदील दे इकडे. थांब, ह्या उंबऱ्याशी हात धरते.

गार आहे. इथेच, उंबऱ्यावर.

तृप्ती, ते घड्याळ कुठल्या हातात घालतेस तू? डाव्या ना? मला ते उजव्या हातात दिसतंय. आण इकडे. सेकंदाचा काटा बघ... तुला सरळ फिरताना दिसतोय, मला उलटा. बारावरून अकरावर, अकरावरून दहावर. आता भिंतीवरचं कॅलेंडर वाच.

"नाही वाचता येत, मॅडम... मघापासून. सगळी अक्षरं उलटी... मला वाटलं चक्कर येतेय."

चक्कर नाही, बाळा. माझी चूक आहे.

ऊठ. सासूबाईंना नाही म्हटलं, तुला म्हणणार नाही. कपाटापर्यंत जायचं, मागे वळायचं, परत यायचं, बस. कोणी हाक मारली तर थांबायचं नाही, ओळखीचा आवाज असला तरी. बाहेर आलीस की आधी पुदिना हुंगायचा. पुदिन्याचा वास आला की सरळ स्टँडवर जायचं आणि घोटीची गाडी पकडायची, माझी वाट बघायची नाही. मी तुझ्याबरोबर येतेय. मला त्याला सांगायचंय की आई गेली. आणि कशी गेली, तेही.

धक्का बसेल. मिटलं तर मिटलं. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण आधी ती ओळ लिहिते, चार वर्षांपूर्वीच लिहायला हवी होती. हिरवी वही दे.

हं, ही पण तुझ्याबरोबर उलटून आलीय. पानं उजवीकडून उघडताहेत, माझंच अक्षर मला आरशातलं दिसतंय. सदुसष्ट... सत्तर... एकाहत्तर. हे खोडलेलं अधिक. आणि खाली रिकामी...

रिकामी नाहीये.

ही एकच ओळ सरळ आहे. "वजा. अस्थिर. जुळलं." माझं अक्षर. शेजारी लाल खूण, त्याची, तो तिला शेपटी काढायचा. शाई ओली आहे, बघ, लागली अंगठ्याला.

तृप्ती, ही ओळ मी अजून लिहिलेली नाही.

ऐकलंस? टकटक थांबली. आत कोणीतरी सतरंजीवरून उठल्यासारखं... चल. कंदील राहू दे इथेच, परत येताना तुला उजेड हवा. उजवा हात दे मला. हा नव्हे गं, दुसरा.